बारावीनंतर पाच की पदवीनंतर तीन?

बारावीचा निकाल लागला की साताऱ्याच्या जिल्हा न्यायालयात वकिली करणाऱ्या एका वकीलबाईंच्या ऑफिसात वेगळीच माणसं येऊन बसतात. हातात नोटीस नसते, समन्स नसतं. बरोबर मुलगी किंवा मुलगा असतो आणि पिशवीत गुणपत्रिका. जुन्या अशिलांच्या ओळखीने आलेले हे पालक. प्रश्न बहुधा एकच. "वकीलबाई, आत्ताच पाच वर्षांच्या लॉला घालावं, की आधी बी.कॉम. होऊ द्यावं आणि मग तीन वर्षांचं? पाचात दोन वर्षं वाचतात म्हणे."

दोन वाचत नाहीत, एक वाचतं. बाई टेबलावरचा कोरा कागद ओढतात आणि आकडे मांडतात. बारावी अठराव्या वर्षी. त्यावर पाच म्हणजे तेवीस. तीन वर्षांची पदवी आणि त्यावर तीन वर्षांचा कायदा म्हणजे चोवीस. "हे एक वर्ष आता बाजूला ठेवू," असं म्हणून त्या पुढचं विचारायला लागतात. घरात कमावतं कोण आहे? पोरीला इंग्रजी पुस्तक न कंटाळता वाचता येतं का? लॉ कुणाच्या डोक्यातून आलंय, तिच्या की तुमच्या? आणि सनद मिळाल्यावर पहिली तीन वर्षं तिचा खर्च कोण करणार?

शेवटच्या प्रश्नावर नवरा-बायको एकमेकांकडे बघतात. पदवी हातात पडली की कमाई सुरू, असंच त्यांनी धरलेलं असतं.

बाई स्वतः पदवीनंतरच्या वाटेने आल्या, तेही थोडं वळण घेऊन. बी.कॉम. झाल्यावर त्या एका पतसंस्थेत कारकून म्हणून लागल्या. रोजकीर्द, खतावणी, थकबाकीदारांच्या याद्या, जामीनदारांना नोटिसा. थकीत कर्जासाठी महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960च्या कलम 101 खाली निबंधकाकडून वसुली दाखला घ्यावा लागतो. त्या प्रकरणांची कागदपत्रं लावायचं काम हळूहळू त्यांच्याकडे आलं. संस्थेचे वकील तारखेला आले की कुठला कागद कुठे आहे ते बाईंनाच विचारत. चेक न वटल्याच्या, म्हणजे कलम 138च्या फिर्यादींत संस्थेतर्फे साक्ष द्यायलाही त्यांनाच पाठवलं जाई. उलटतपास म्हणजे काय, हे त्यांना कायद्याच्या पुस्तकाआधी पिंजऱ्यात उभं राहून कळलं.

त्या काळी बऱ्याच गावांत तीन वर्षांच्या कायद्याचे तास भल्या सकाळी भरत. वर्गात शिक्षक, विमा एजंट, ग्रामसेवक, निवृत्तीला आलेला एखादा पोलीस हवालदार अशी सगळी संसारी मंडळी. साडेनऊला तास संपवून जो तो आपापल्या कामावर पळे. मालमत्ता हस्तांतरण कायद्यातलं गहाण शिकवताना प्राध्यापकांना उदाहरण शोधावं लागत नसे. वर्गातलंच कुणीतरी आपल्या घराची हकिकत सांगे. हजेरी यथातथाच असे. पण प्रश्न खरे असत, कारण ते विचारणाऱ्यांच्या घरातून आलेले असत.

तो प्रकार आता उरलेला नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाचे कायदेशिक्षणाचे नियम 2008 साली आले. त्यांनुसार निवासी नसलेल्या कॉलेजांत वर्ग सकाळी आठ ते संध्याकाळी सात या वेळेतच घ्यायचे, आठवड्याला किमान 30 तास व्हायला हवेत, आणि परीक्षेला बसायला 70 टक्के हजेरी लागते. शिवाय तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला 12 आठवड्यांची आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला 20 आठवड्यांची इंटर्नशिप. पूर्णवेळ नोकरी सांभाळून ‘जाता जाता’ एलएल.बी. करायची सोय नियमांनी तरी बंद केली आहे. कुणी पालक "नोकरी करता करता होईल की" म्हणाले, तर बाई त्यांना आधी हे तास मोजून दाखवतात.

दुसरा नियम त्यांच्या स्वतःच्या अंगावरून गेलेला आहे. पूर्णवेळ पगारी नोकरी करणाऱ्याला वकिली करता येत नाही. बार कौन्सिलच्या नियमावलीतला हा 49 क्रमांकाचा नियम. सनद घ्यायची तर पतसंस्था सोडायलाच हवी होती. पगार बंद झाला, आणि सिनियरच्या ऑफिसात मिळायचे ते तारखेला जाण्यायेण्याचे पैसे. घर चाललं ते नोकरीत साठवलेल्या पैशांवर. बाईंच्या मते त्यांना वकिलीत टिकवलं ते या शिलकीने. हुशारीचा नंबर त्यानंतर. पहिली स्वतंत्र कामं आली तीही पतसंस्थांचीच. कलम 101 आणि कलम 138 यांत काय अडतं, हे त्या गावात त्यांच्याइतकं आतून दुसऱ्या कुठल्या ज्युनिअरला माहीत नव्हतं.

आधी पदवी, मग कायदा ही आपल्याकडची जुनी रीत. मुंबईचं शासकीय विधी महाविद्यालय 1855 सालचं, पुण्याचं आय.एल.एस. विधी महाविद्यालय 1924 सालचं. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे बी.ए., एम.ए. होऊन 1866 साली एलएल.बी. झाले. लोकमान्य टिळकांनी डेक्कन कॉलेजातून गणित घेऊन बी.ए. केलं आणि 1879 साली एलएल.बी.; पुढे पुण्यात त्यांनी कायद्याचा खासगी वर्गही चालवला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर लंडनच्या ग्रेज इनमधून बॅरिस्टर झाले तेव्हा त्यांच्यामागे कोलंबिया विद्यापीठातलं अर्थशास्त्राचं शिक्षण होतं. 1935 साली ते मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. सरन्यायाधीश झालेले प्र. बा. गजेंद्रगडकर आणि यशवंत विष्णू चंद्रचूड हे दोघंही आधी पदवी घेऊन मग पुण्याच्या आय.एल.एस.मध्ये कायदा शिकले. अलीकडचे सरन्यायाधीश भूषण गवई यांनीही अमरावतीत आधी बी.कॉम. केलं, मग एलएल.बी.

पाच वर्षांचा कोर्स ठळकपणे पुढे आला तो 1980च्या दशकात. पदवीनंतर कायद्याला येणारे पुष्कळजण दुसरं काही जमलं नाही म्हणून येतात, ही तेव्हाची मोठी तक्रार होती. वैद्यकीय किंवा अभियांत्रिकीसारखा कायदाही बारावीनंतरच, ठरवून निवडलेला व्यवसाय व्हावा, असा त्यामागचा विचार. बंगळुरूच्या नॅशनल लॉ स्कूलची पहिली तुकडी 1988 साली आली, आणि तिचे संस्थापक-संचालक एन. आर. माधव मेनन यांचं नाव या बदलाशी कायमचं जोडलं गेलं. राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठी ‘क्लॅट’ ही सामायिक परीक्षा 2008 साली सुरू झाली. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथली महाराष्ट्राची राष्ट्रीय विधी विद्यापीठं 2014च्या कायद्याने आली. त्याआधीपासून पुण्यात बी.एस.एल. आणि मुंबईत बी.एल.एस. या नावांनी पाच वर्षांचा कायदा मराठी घरांत पोचलेला होताच.

मात्र ज्या संस्थांनी एक वाट पकडली, त्याच काही वर्षांनी दुसरीकडे वळलेल्या दिसतात. बंगळुरूच्या नॅशनल लॉ स्कूलने 2022 साली पदवीधरांसाठी तीन वर्षांचा एलएल.बी. सुरू केला. उलट तीन वर्षांच्या कायद्यासाठीच ओळखल्या जाणाऱ्या दिल्ली विद्यापीठाने 2023 साली पाच वर्षांचा अभ्यासक्रम आणला. बारावीनंतर तीनच वर्षांत कायद्याची पदवी द्यावी, अशी मागणी घेऊन 2024च्या एप्रिलमध्ये एक याचिका सर्वोच्च न्यायालयात गेली. न्यायालयाने ती ऐकून घ्यायलाच नकार दिला. परदेशातही एकमत नाही. अमेरिकेत कायद्याची पदवी आधीच्या पदवीनंतरच मिळते; इंग्लंडमध्ये शाळेनंतर थेट एलएल.बी. करता येतं, आणि दुसरा विषय शिकलेल्याला नंतर कायद्याकडे वळायची सोयही आहे. एक वाट चांगली आणि दुसरी वाईट, असा निकाल कुणीच दिलेला नाही.

बाईंच्या ऑफिसात काही काळ दोन्ही वाटांनी आलेले दोन ज्युनिअर समोरासमोर बसत होते. मुलगी पाच वर्षांचं करून आलेली. मूट कोर्टात बक्षिसं मिळवलेली, इंग्रजी लिखाण स्वच्छ, आणि एखाद्या मुद्द्यावरचा ताजा निकाल दहा मिनिटांत काढून देणारी. मुलगा बी.एस्सी. ॲग्री करून, वर्षभर खतं-बियाण्यांच्या कंपनीत हिंडून मग कायद्याला गेलेला. त्याचं इंग्रजी अडखळत असे. निकालपत्र वाचायला तो तिच्या तिप्पट वेळ घेई.

एक वाटपाचा दावा आला. बहीण वादी, भाऊ प्रतिवादी. वडिलोपार्जित जमिनीत बहिणीला हिस्सा द्यायचा नव्हता आणि एक गट विकायची बोलणी चालू होती. मुलीने त्याच संध्याकाळी टिपण तयार केलं. हिंदू उत्तराधिकार कायद्यातली 2005ची दुरुस्ती, आणि ‘विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2020 रोजी दिलेला निकाल. मुलीचा हक्क जन्मानेच येतो. दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात असायला हवेत असं नाही. टिपण असं होतं की बाईंना त्यात एक शब्द बदलावा लागला नाही.

भावाची कैफियत आली तेव्हा खरी अडचण कळली. वाटणी पूर्वीच, 2004च्या आधी तोंडी झाली आहे आणि फेरफारही झालेला आहे, असं त्याचं म्हणणं. कायद्याच्या कलम 6 प्रमाणे 20 डिसेंबर 2004 पूर्वी झालेल्या वाटणीला धक्का लागत नाही. तोंडी वाटणी न्यायालयं सहसा मानत नाहीत, पण सरकारी कागदाने ती पक्की ठरत असेल तर गोष्ट वेगळी, हेही त्याच निकालात आहे. म्हणजे सगळा भार त्या फेरफारावर. मुलगी पुन्हा निकाल शोधायला बसली. मुलगा फेरफाराची नक्कल घेऊन खिडकीपाशी गेला, गाव नमुना सहाचं ते गिचमिड अक्षर त्याने ओळीने लावलं आणि म्हणाला, "मॅडम, ही वाटपाची नोंद नाहीये. आजोबा वारल्यावरची वारस नोंद आहे. त्यात आत्याचं नाव इतर हक्कात लावलंय, आणि सातबारावर ते अजून आहे." घरच्या जमिनीच्या कामासाठी शाळेत असल्यापासून तलाठ्याकडे हेलपाटे घातलेल्या माणसाला हे दिसलं. बाकी दोघींनाही ते दिसलं असतं, पण उशिरा.

निशाणी 5च्या अर्जावर युक्तिवाद झाला आणि गट विकायला तात्पुरता मनाई हुकूम मिळाला. दावा रीतीप्रमाणे पुढे चालू राहिला.

इथे पालकांना गोष्ट गोड वाटते आणि ते म्हणतात, म्हणजे दोघांचंही महत्त्व सारखंच. बाई मान हलवत नाहीत. त्यांना आठवतं ते पुढचं. दीडदोन वर्षांत मुलगी सातबारा वाचायला शिकली. गाव नमुने काही गुप्त विद्या नव्हे. सहा महिने महसुली कामं केली की कुणालाही येतात. मुलाचं इंग्रजीही सुधारलं. रोज एक निकालपत्र वाचून त्याचा मराठीत गोषवारा लिहायची सक्ती बाईंनी त्याला केली होती. त्यात भर ही की जिल्हा आणि तालुका न्यायालयांत बरंचसं काम मराठीतून चालतं. साक्ष मराठीत होते, उलटतपास मराठीत होतो. कोण कुठून शिकून आलं, याची खूण पुसली गेली. न्यायाधीशांनी तर ती कधी विचारलीच नव्हती. वकील अधिनियम, 1961 दोन्ही पदव्यांना एकच सनद देतो.

मुलगी मात्र त्यानंतर राहिली नाही. शिक्षणासाठी काढलेल्या कर्जाचे हप्ते सुरू झाले होते, आणि जिल्हा न्यायालयातल्या ज्युनिअरच्या कमाईत ते बसत नव्हते. ती मुंबईच्या एका फर्ममध्ये गेली. आता करार तपासते. तिथल्या भरतीत पाच वर्षांच्या कोर्सचा तिला फायदाच झाला, कारण मोठ्या फर्म बहुतेक नवी माणसं नामांकित कॉलेजांच्या कॅम्पसमधूनच उचलतात. मुलगा राहिला, कारण घरची शेती त्याला जेवू घालत होती. कोर्टात उभं राहायची हौस तिला त्याच्यापेक्षा जास्त होती. कोण कोर्टात राहणार हे घरच्या जमाखर्चाने ठरवलं.

म्हणूनच बाई कोर्सच्या आधी त्यानंतरच्या वर्षांबद्दल बोलतात. सनदेचा खर्च आता आटोक्यात आला आहे: राज्य बार कौन्सिलांनी नोंदणीसाठी खुल्या प्रवर्गाकडून 750 रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींकडून 125 रुपये यांपेक्षा जास्त घेऊ नये, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 30 जुलै 2024 रोजी दिला. नोंदणीनंतर दोन वर्षांत अखिल भारतीय बार परीक्षा उत्तीर्ण व्हावं लागतं, तेही जमण्याजोगं आहे. अवघड आहे ती ज्युनिअरशिप. ज्युनिअरला शहरात दरमहा किमान 20,000 आणि ग्रामीण भागात 15,000 रुपये मानधन द्यावं, असं बार कौन्सिल ऑफ इंडियाने 2024च्या ऑक्टोबरमध्ये परिपत्रक काढून सुचवलं. पण ती शिफारस आहे, सक्ती नव्हे. तालुक्याच्या गावी, जिथे सिनियरचंच महिन्याचं उत्पन्न हंगामावर चालतं, तिथे हा आकडा अजून कागदावरच आहे.

न्यायाधीश व्हायचं मनात धरून येणाऱ्यांचं गणितही बदललं आहे. 20 मे 2025च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेसाठी किमान तीन वर्षांच्या वकिलीची अट परत आणली. मधल्या काळात कायद्याचा ताजा पदवीधरही त्या परीक्षेला बसू शकत असे, आणि ‘पाच वर्षांचं केलं की तेविसाव्या वर्षी जज’ हे क्लासवाल्यांचं आवडतं वाक्य होतं. ते वाक्य आता वापरता येत नाही.

तेव्हा हिशेब असा मांडावा, असं बाईंचं म्हणणं. पाच वर्षांचा कोर्स हा खरं तर आठ वर्षांचा आहे: पाच शिकण्याची आणि पुढची तीन, ज्यांत कमाई जेमतेम. ही आठ वर्षं सलग आहेत. मध्ये थांबून कमवायला जागा नाही. पदवीनंतरची वाट धरली तर बेरीज नऊ होते, पण ती मधे तोडता येते. पदवी झाली की दोन-तीन वर्षं नोकरी करा, पैसे बाजूला टाका, मग कायद्याला या. कायद्याचं मन होईनासं झालं, तरी हातात पदवी असतेच.

मधे तोडता येण्याचा हा मुद्दा नियमांतही आहे, आणि तो प्रवेशाच्या वेळी फारसं कुणी सांगत नाही. 2008च्या नियमांनुसार पाच वर्षांच्या एकत्रित अभ्यासक्रमात मधल्याच वर्षी प्रवेश घेता येत नाही, तसंच पाच वर्षं पूर्ण होण्याआधी नुसती पहिली पदवी घेऊन बाहेरही पडता येत नाही. विसाव्या वर्षी एखाद्याला कळलं की आपल्याला कायदा नको, तर त्याच्या हातात फक्त बारावी राहते. लोकसेवा आयोगाच्या परीक्षांकडे ज्यांचा डोळा आहे त्यांनी हे आधी वाचावं. बी.ए. झालेला मुलगा एकविसाव्या वर्षी राज्यसेवेला अर्ज करू शकतो; पाच वर्षांच्या कोर्समधला तेविसाव्यापर्यंत थांबतो.

उलट बाजूने, पदवीनंतरच्या वाटेवरही काही खड्डे आहेत. मुक्त विद्यापीठातून पदवी घेतलेले कायद्याला जाऊ शकतात, पण दहावी-बारावी न करता थेट पदवीला बसलेले चालत नाहीत. बाईंकडे अशी एक गृहिणी आली होती. शाळा नववीत सुटलेली, पूर्वतयारी परीक्षा देऊन जिद्दीने बी.ए. पर्यंत आलेली, वकील व्हायचं म्हणून. तिला नियम वाचून दाखवणं हे बाईंना त्या वर्षीच्या कुठल्याही हरलेल्या दाव्यापेक्षा जड गेलं. गुणांची अट दोन्हीकडे सारखी आहे: खुल्या प्रवर्गाला 45 टक्के, इतर मागासवर्गाला 42, अनुसूचित जाती-जमातींना 40. ती पाच वर्षांसाठी बारावीला लागते आणि तीन वर्षांसाठी पदवीला. बारावीत घसरलेल्या मुलाला त्यामुळे पदवीनंतर दुसरा डाव मिळतो.

वयाचा प्रश्न हमखास येतो, विशेषतः मुलं मोठी झाल्यावर शिकू पाहणाऱ्या बायकांकडून. पाच वर्षांसाठी 20 आणि तीन वर्षांसाठी 30 अशी कमाल वयाची अट बार कौन्सिलने घातली होती. ती मागे घेतली, 2016 साली पुन्हा आणली, आणि 2017 साली सर्वोच्च न्यायालयाने त्या परिपत्रकाला स्थगिती दिली. बाईंच्या बाररूममध्ये चाळिशीत कायदा शिकून आलेल्या दोघी आहेत. कौटुंबिक न्यायालयातल्या अशिलांचा ओढा त्यांच्याकडेच जास्त.

भाषेचं तर साधं आहे. महाराष्ट्राची सीईटी दोन्ही अभ्यासक्रमांसाठी आहे आणि तिचा पेपर मराठीतही मिळतो. क्लॅट इंग्रजीतच असते, आणि तिथून पुढची पाच वर्षंही. मराठी माध्यमातल्या मुलाला ते झेपत नाही असं नाही. पण अठराव्या वर्षी ते ओझं घ्यायचं की पदवीच्या तीन वर्षांत इंग्रजी पक्कं करून मग यायचं, हे त्याचं त्याने ठरवावं. राष्ट्रीय विधी विद्यापीठांचा खर्च वर्षाला काही लाखांत जातो. अनुदानित कॉलेजात तो त्याच्या मानाने किरकोळ असतो. शिष्यवृत्ती मिळणार असेल तर प्रश्नच वेगळा. राष्ट्रीय विद्यापीठात जागा आणि शिष्यवृत्ती दोन्ही मिळालेल्या मुलाला बी.कॉम.ला बसवणाऱ्या बापाशी बाई एकदा चक्क भांडल्या होत्या.

आधीची पदवी कुठली, यावरही बरंच अवलंबून असतं. विज्ञान किंवा अभियांत्रिकीच्या पदवीवर कायदा केला तर पेटंटचं काम खुलं होतं, कारण पेटंट एजंटच्या परीक्षेला विज्ञान, अभियांत्रिकी किंवा तंत्रज्ञानाची पदवी लागते, नुसत्या बी.ए. एलएल.बी.ला ते दार बंद. वाणिज्य घेऊन आलेला करसल्ल्यात आणि सहकारात लवकर रुळतो. कृषी पदवीधराचं तर वर आलंच आहे. पण तीन वर्षं काढायची म्हणून काढलेली, परीक्षेपुरतं गाईड वाचून मिळवलेली पदवी असेल, तर तिच्यामुळे कायद्यात काही भर पडत नाही. त्यापेक्षा पाच वर्षांच्या कोर्समधले राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्राचे पेपर बरे. ते निदान कायद्याशी जोडून शिकवले जातात, आणि मूट कोर्ट, इंटर्नशिप यांना भरपूर वेळ मिळतो. कोवळ्या वयात पाच वर्षं त्याच वातावरणात काढलेल्या मुलांची मांडणी नेटकी असते, हे बाई मोकळेपणाने मान्य करतात.

एवढं सगळं झाल्यावर त्या मत देतात, आणि ते मधलं नसतं. अठराव्या वर्षी ज्याला कायदाच हवा आहे, इंग्रजी वाचनाची ज्याला भीती नाही, आणि ज्याचं घर किंवा शिष्यवृत्ती आठ वर्षं सलग ओझं उचलू शकते, त्याने बारावीनंतर जावं. उगाच वाट पाहू नये. यातली एक जरी गोष्ट नसेल, तर आधी अशी पदवी घ्यावी की जिच्यावर नोकरी मिळेल, थोडे पैसे गाठीला बांधावेत आणि मग यावं. साताऱ्यासारख्या ठिकाणी त्यांच्याकडे येणारी बहुतेक मुलं या दुसऱ्या गटातली असतात, आणि क्लासेसच्या जाहिराती मात्र पहिल्या गटासाठी लिहिलेल्या असतात.

निघताना पालकांना त्या दोन कामं सांगतात. कॉलेजला बार कौन्सिल ऑफ इंडियाची मान्यता चालू वर्षासाठी आहे का, ते प्रवेशाआधी स्वतः तपासा. एजंटाच्या शब्दावर विश्वास ठेवू नका. आणि फी भरण्याआधी मुलाला किंवा मुलीला आठवडाभर जवळच्या कोर्टात पाठवा. सुनावणी खुल्या न्यायालयात चालते, मागच्या बाकावर बसायला कुणाची परवानगी लागत नाही. दुपारी अडीचनंतर, तारखांवर तारखा पडत असताना ज्याला तिथे बसवतं, त्याच्याशी कोर्सबद्दल बोला.